आमची नवी पाटी

हातालाही वय असते, हे पन्नाशी ओलांडल्यावरच आम्हास कळले. सेमिनरीत असताना आमच्या अक्षराची वाखाणणी होत असे. भित्तिपत्रकाचे मथळे लिहावयाचे काम हटकून आमच्याकडेच येई. आता तेच अक्षर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत उतरताना थरथरते. मध्यंतरी एक माता आपल्या मुलाचा दाखला मागावयास आली, तेव्हा आम्हीच चार वर्षांपूर्वी केलेली नोंद आम्हास धड वाचता येईना. १९८३ च्या धर्मसंहितेतील ५३५ व्या कलमाने धर्मग्रामाच्या नोंदवह्या नीट लिहिण्याची व सांभाळण्याची जबाबदारी धर्मगुरूवर टाकली आहे. ती वही कागदावरच राहणार. तिच्यासाठी आम्ही आता अधिक सावकाश लिहितो. पण ज्या लेखनाला घाई होती, त्याचे काय करावे, हा प्रश्न मात्र उरला.

ते लेखन म्हणजे मास्तरांच्या आठवणी. आमच्या एका गावातील हे वयोवृद्ध धर्मशिक्षक ऐंशी ओलांडलेले. साऱ्या वस्तीला ते ‘मास्तर’ म्हणूनच ठाऊक. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला, तेव्हा ते पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारे मूल होते. गावात प्रथम कोण पायी आले, प्रार्थनेच्या खोलीचे दगड कोणी वाहिले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांना सुकडी कशी वाटली गेली आणि लाल मिलोच्या भाकरी पोरे कशी तोंड वाकडे करून खात, हे सारे त्यांच्या जिभेवर होते आणि कोठेही लिहिलेले नव्हते. “मास्तर, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो,” असा शब्द आम्ही दिला. “काहून लिहिता हो फादर, माह्या गोष्टी? मोठ्या माणसाच्या लिवा,” असे ते म्हणाले खरे, पण दुसऱ्याच खेपेस अंगणात खाट टाकून वाट पाहत बसलेले दिसले.

वाचकहो, अडचण साधनाची होती. हाताने लिहावे, तर दोन तासांनी लिहिलेले घरी येऊन आम्हालाच लागत नसे. ध्वनिमुद्रण करावे, तर यंत्र समोर ठेवताच मास्तर गोष्ट सोडून भाषण करू लागत आणि “उपस्थित बंधुभगिनींनो” अशी सुरुवात होई. धर्मग्रामगृहात संगणक आहे, पण तो टेबलास खिळलेला. आमच्या जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग. मास्तरांचे गाव घाटाखाली. मोटारसायकलवरून घाट उतरायचा, उन्हाळ्यात भट्टीसारखा वारा सोसायचा, आणि पोहोचावे तो वीज गेलेली. तेव्हा पिशवीत मावेल, दिवसभर चालेल आणि ज्यावर दोन्ही हातांनी टंकलेखन करता येईल असे काही हवे होते. अँड्रॉइडचा टॅब आणि त्याला जोडावयाचा कळफलक हे उत्तर आम्हास एका तरुण धर्मग्रामस्थाने सुचविले.

पैशाचा प्रश्न त्याहून नाजूक. २०२३ च्या नोव्हेंबरात आमच्या गुरुदीक्षेस पंचवीस वर्षे झाली, तेव्हा धर्मग्रामाने आमच्या हाती एक पाकीट ठेवले होते. त्यात दहा-वीसच्या नोटा पुष्कळ होत्या. त्या कोणाच्या, हे आम्ही जाणत होतो. त्या हंगामात कापूस वेचून बोटांना चिरा पडलेले हात आम्ही पवित्र कम्युनियन देताना पाहिले होते. एकूण एकतीस हजार रुपये. त्यातून अत्यंत महागडी वस्तू घेणे अशोभनीय. अगदी स्वस्त वस्तू घेऊन ती वर्षात बंद पडू देणे हाही त्या नोटांचा अवमानच. म्हणून मधली वाट धरावयाची ठरले. मधली वाट सर्वांत सोपी असते, हा मात्र आमचा भ्रम निघाला.

त्या वर्षी बाजारात मध्यम किमतीचे टॅब एकामागून एक आले होते. शाओमीचा पॅड ६ जूनमध्ये आला, तेव्हा त्याची किंमत २६,९९९ पासून सुरू होत होती. त्याचा पडदा ११ इंचांचा व फार रेखीव, आणि त्यासाठी त्याच कंपनीचा कळफलक ४,९९९ रुपयांस वेगळा. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ प्लस ऑक्टोबरात आला; पडदा तेवढाच, पण साधा, किंमत वीस हजारांच्या आसपास, आणि मेमरी कार्डासाठी खाच. वनप्लसचा पॅड गो त्याच महिन्यात, तोही वीस हजारांच्या घरात. आम्ही वहीत रकाने पाडले. रॅम, साठवण, बॅटरी, वजन, पडद्याचे तेज. संध्याकाळचा जपमाळेनंतरचा वेळ त्या रकान्यांत जाऊ लागला. नाताळ गेला, मकरसंक्रांत गेली, रकाने वाढत गेले. दर आठवड्याला कोणीतरी सांगे, “फादर, जरा थांबा, पुढच्या महिन्यात नवा येतोय.” आणि आम्ही थांबत असू.

त्या अभ्यासातून जे हाती आले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे नोंदवितो. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला पडदा अकरा इंचांच्या आसपास असावा. त्याहून लहान पडद्यावर ओळ तुटते आणि डोळे शिणतात. सहा किंवा आठ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण आमच्यासारख्यांना पुरून उरते. टॅब अर्धा किलोचा असला, तरी कळफलक जोडताच वजन किलोकडे झुकू लागते, म्हणून दोन्ही मिळून हातात धरून पाहावे. कळफलक दोन प्रकारचे: काही टॅबच्या कडेवरील धातूच्या ठिपक्यांना चिकटतात व टॅबच्याच बॅटरीवर चालतात, काही ब्लूटूथने बोलतात आणि त्यांना स्वतंत्र चार्ज करावे लागते. पहिला प्रकार सोयीचा, पण तो त्या एकाच टॅबाशी बांधलेला. दुसरा उद्या टॅब बदलला तरी चालतो. आणि टॅबच्या सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, हे दुकानदारास विचारावे. न विचारता ते कोणी सांगत नाही.

खरी परीक्षा मात्र निराळीच होती. एका दुकानात आम्ही टॅबच्या पडद्यावर बोटाने सुरेख मराठी लिहिले आणि प्रसन्न झालो. मग कळफलक जोडला, आणि देवनागरी नाहीशी होऊन रोमन अक्षरे उमटू लागली! पडद्यावरचा कळफलक मराठी जाणतो, म्हणून जोडलेला कळफलकही जाणेलच असे नाही. त्याची मांडणी सेटिंगमध्ये जाऊन वेगळी निवडावी लागते आणि प्रत्येक यंत्रावर ती सारख्या सुलभतेने मिळत नाही. तेव्हापासून आमची कसोटी ठरली. दुकानात कळफलक जोडून दोन शब्द लिहावयाचे: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिल्यात समुद्र, दुसऱ्यात आमच्या घाटातील खोल जागा. ज्या कळफलकाला हा भेद कळत नाही, त्याने मराठी लेखकाच्या घरी येऊ नये. इनस्क्रिप्ट मांडणीत ‘र’ जेच्या कळीवर असतो आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो; ही मांडणी शिकावयास महिना लागला, परंतु स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, ही तिची व्यवस्था एकदा बोटांत बसली की कळांकडे पाहावे लागत नाही.

हे करताना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण येणे स्वाभाविक होते. ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या या महापुरुषाने १६०८ साली रोमला पत्र लिहून या भूमीच्या भाषेत व या भूमीच्या लिपीत पुस्तके छापण्याची आपली जुनी इच्छा कळविली होती. अडचण होती ती सुमारे सहाशे ठशांची. रोमन लिपीचे काम तेव्हा चोवीस अक्षरांत भागे, आमच्या जोडाक्षरांना तेवढ्याने भागत नाही. ते ठसे झाले नाहीत, आणि १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीतच छापले गेले. पुढे संगणक आल्यावरही आमच्या पिढीने वेगळ्या तऱ्हेने तेच भोगले. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या खुणांवर बसविलेली असत. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर लेख उघडला की निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग दिसे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, म्हणून आज लिहिलेले कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसते. ज्या सहाशे ठशांसाठी तो थोर धर्मगुरू तळमळला, ते आज अर्ध्या किलोच्या पाटीत मावतात.

आणि तरीही आमचे लेखन अडले होते! अक्षरे होती, पैसे होते, मास्तर वाट पाहत होते. आम्ही मात्र रकाने भरीत होतो.

२०२४ च्या प्रायश्चित्तकाळात निरोप आला. मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णशय्येपाशी पोहोचलो, तेव्हा उजवे अंग लुळे पडले होते आणि वाचा गेली होती. त्यांनी आम्हास ओळखले. डोळे भरून आले ते त्यांचे की आमचे, हे सांगता येत नाही. रुग्णाभ्यंगाचा संस्कार दिला. परतताना घाट चढत असता मनात एकच गोष्ट होती: चार महिने. चार महिन्यांत त्या खाटेवर किती दुपारी झाल्या असत्या! आळसाचे पाप आम्ही पुष्कळांच्या कबुलीजबाबात ऐकले आहे. परंतु परिश्रमाच्या वेषात येणारा आळस आम्ही त्या रात्री प्रथमच ओळखला, आणि तो आमच्याच वहीत रकाने आखून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकानात गेलो आणि अर्ध्या तासात टॅब व कळफलक घेऊन बाहेर पडलो. तो कोणता, हे सांगण्यात अर्थ नाही. ही यंत्रे वर्षभरात जुनी होतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ची कसोटी त्याने पार केली होती आणि पाकिटात साडेतीन हजार उरले होते, एवढे पुरे. उरलेले पैसे मास्तरांच्या औषधाला गेले.

मास्तर घरी आले. पाऊस सुरू झाल्यावर एका दुपारी आम्ही पुन्हा घाट उतरलो. वीज नव्हतीच. आम्ही खाटेजवळ बसून मांडीवर नवी पाटी उघडली. आजी चुलीपासून उठून आल्या आणि म्हणाल्या, “फादर, तुमी लिवा. पन्नास वर्स आयकल्या थ्या गोष्टी म्या. माह्या ध्यानात हायेत.” त्या सांगू लागल्या. कोठे चुकल्या की मास्तर डावा हात हलवीत. मग आजी आठवून पाहत, दुसरे नाव घेत, आणि हात शांत होई. बहात्तरच्या दुष्काळात पाण्यासाठी बाया कोठवर जात, ते सांगून झाले. आम्ही दोन बोटांनी अक्षर मोठे केले आणि पडदा मास्तरांसमोर धरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचे डावे बोट हळूहळू पुढे आले आणि एका शब्दावर टेकले. घाईघाईत आम्ही लिहिले होते: ‘दर्याखोर्यांतून’.

मास्तरांच्या वाकड्या ओठांवर हसू उमटले. चाळीस वर्षे पोरांचे शुद्धलेखन तपासलेले ते बोट होते. आम्ही शिफ्टची कळ दाबून शब्द दुरुस्त केला, पुन्हा दाखविला, आणि त्यांनी मान हलविली.

आतापर्यंत तेवीस पाने झाली आहेत. आजींना पुढचे आठवते आहे. पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत.