आधी कातरणीची पिशवी

चि. सोनूस,


ओव्हरलॉक मशीन घेतलं खरं, पण कापड लावायला हात धजत नाही, असं तू लिहिलंस. नाही धजत तेच बरं. साध्या मशीनवर चुकलेली शिवण उसवता येते. ओव्हरलॉकची सुरी सुईच्या पुढे चालते, आणि मिनिटाला १३०० ते १५०० टाके पडतात. तिच्याखाली गेलेलं कापड परत मिळत नाही. पहिल्याच आठवड्यात मी खणाच्या ब्लाउजला बाही जोडत होते. खाली पाठीचं कापड दुमडून आलंय हे दिसलंच नाही. ती कापलेली पाठ अजून माझ्या ट्रंकेत आहे.

म्हणून सांगते, पहिला महिना ब्लाउज नको. मशीनला लागणाऱ्या वस्तूच शिव.

आधी कातरणीची पिशवी. हे मशीन कापडाच्या पट्ट्या आणि दोरे सारखे समोर टाकत राहतं. संध्याकाळी तेच पायात येतात. जुन्या सुती चादरीतून दोन तुकडे घे, वीतभर रुंद, दीड वीत लांब. मशीनला एकच सुई ठेव. सुईत पांढरा दोरा ओव, वरच्या लूपरला लाल, खालच्या लूपरला निळा. मग कुठला दोरा चुकतोय ते डोळ्यांना दिसतं. लाल आणि निळा कापडाच्या कडेवरच भेटायला हवेत. लाल खालच्या बाजूला उतरला, तर एक तर तो सैल आहे किंवा निळा घट्ट. एका वेळी ताणाची एकच चकती फिरव, आणि दर वेळी चिंधीवर बोटभर शिवून बघ.

दोन्ही तुकड्यांच्या वरच्या कडा आधी इंटरलॉक, म्हणजे ओव्हरलॉकच, कर, मग सुलट बाजू आत ठेवून उरलेल्या तीन बाजू जोड. कोपऱ्यावर वळायचा हट्ट नको. सरळ कापडाबाहेर जा, बोटभर साखळी निघू दे, तोड, पुढची बाजू नव्याने धर. टाचण्या कडेपासून लांब लाव. सुरीला टाचणी लागली की तिची धार गेलीच.

ती साखळी तुला क्रोशासारखी वाटेल. तिचं मूळही क्रोशातलंच. अमेरिकेत कनेटिकटमध्ये मेरो कुटुंबाची विणमालाची गिरणी होती. तिथे कडा क्रोशाने बांधायला १८८१ च्या सुमारास त्यांनी यंत्र केलं, आणि त्यातूनच ओव्हरलॉक आलं. शिवणीच्या टोकाला उरलेलं साखळीचं शेपूट मुळाशी कापू नकोस, शिवण सुटते. जाड बोथट सुईने ते शिवणीतच आत ओढून घे.

मशीनखाली घालायला सोलापुरी चादरीचा फाटका तुकडा दुहेरी करून चारी कडा इंटरलॉक कर. मशीनची थरथर कमी होते. त्याच्याच पुढच्या कडेला पिशवीची मागची बाजू जोड, म्हणजे ती टेबलावरून तुझ्यासमोर लोंबेल आणि पट्ट्या आपोआप आत पडतील.

टाचण्यांच्या उशीची घाई नाही. पिशवी भरली की तीच कातरण बारीक करून उशीत ठासून भर. विकतच्या कापसापेक्षा मला ही उशी जास्त आवडते. जड असते, जागची हलत नाही.

पिशवी झाली की मला पाठव. नीट जमलेली नको, पहिलीच पाठव. लाल दोरा कुठे पडलाय ते बघून कुठली चकती फिरवायची ते फोनवर सांगेन.

तुझी,
मावशी