छर्रे निवडताना

जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर नेम चुकला की माणूस काय म्हणतो? "बंदुकीची नळीच वाकडी आहे हो!" जोतिबाच्या डोंगरावर हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. जरा विनम्र माणूस असेल तर म्हणतो, "आमचा हातच स्थिर नाही." म्हणजे दोष एकतर बंदुकीचा, नाहीतर हाताचा. या दोघांच्या मध्ये तिसरा कुणी असतो हे मनातच येत नाही. तो तिसरा म्हणजे छर्रा. अर्ध्या ग्रॅमचा जीव!

मराठी आणि इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईचा छर्‍यांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आला नातीमुळे. ती पंधरा वर्षांची आहे आणि दहा मीटर एअर रायफल शिकते. कोल्हापुरात राहून हे वेड लागलं तर नवल नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत इथल्याच. २०२४ साली कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणल्यावर तर बघायलाच नको. त्याचा प्रकार पन्नास मीटरचा, तिथे बारुदाची गोळी असते. नातीचा प्रकार हवेच्या दाबाचा, ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छर्‍याचा.

गेल्या पावसाळ्यात पोरीचे गुण घसरायला लागले. तीन आठवडे रोज तोंड पाडून घरी यायची. एका संध्याकाळी म्हणाली, "आजी, माझा हात थरथरतो. मला नाही जमणार. बाबांना सांग, रायफल विकून टाका." रायफलीचे हप्ते अजून चालू होते, पण माझ्या पोटात गोळा आला तो हप्त्यांमुळे नाही. मुलं "मला जमत नाही" म्हणतात तेव्हा काहींना खरंच जमत नसतं, आणि काहींचं जमत असलेलं सुटायच्या बेतात असतं. दोघांचं वाक्य मात्र तेच असतं. कुठलं मूल कुठल्या जातीचं हे ओळखणं हेच मास्तरकीतलं सगळ्यात अवघड काम.

सरावाचे छर्रे पाचशेच्या पत्र्याच्या डबीत सुटे येतात. ही डबी एसटीच्या वरच्या फळीवरून खाली पडली होती, झाकण एका बाजूने बसलं होतं. मी भिंग घेऊन छर्रे बघायला बसले. छर्‍याची ठेवण मोठी सुबक असते. पुढे चपटं डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ घेर. नेमबाज त्याला स्कर्ट म्हणतात, आम्ही दोघी घागरा म्हणतो. मागून हवेचा दाब आला की हा घागरा फुलून नळीला घट्ट बसतो. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात, त्यांमुळे छर्‍याला गिरकी मिळते आणि तो सरळ जातो.

आता हा घागरा एका बाजूला चेपला असेल तर? शिसं इतकं मऊ की नखाचा ओरखडासुद्धा उमटतो. चेपलेल्या बाजूने हवा निसटते, वेग कमीजास्त होतो आणि नळीच्या तोंडाशी हवेचा शेवटचा धक्का तिरका बसतो. शिवाय वजनाचा मध्य सरकतो. जावईबापूंनी हिशेब करून दाखवला. ४५ सेंटिमीटरमध्ये एक गिरकी घेणार्‍या छर्‍याचा मध्य मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने जरी सरकला, तरी दहा मीटरवर तो जवळजवळ दीड मिलिमीटर बाजूला जातो. आणि तिथला दहा गुणांचा ठिपका केवढा? अर्ध्या मिलिमीटरचा! पाव मिलिमीटर सरकलं की दशांश गुण जातो. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते ७००.५ गुणांनी, दुसर्‍याचे होते ६९९.७.

एक गंमत सांगते. अमेरिकेतल्या फ्रँकलिन मॅन नावाच्या डॉक्टरने १९०९ साली बंदुकीच्या गोळ्यांवर एक पुस्तक काढलं. त्याने मुद्दाम गोळ्या बिघडवून उडवल्या होत्या. नाक बिघडलं तर फारसं अडत नाही, बूड बिघडलं तर गोळी भरकटते, असं त्याला दिसलं. कारण नळीतून शेवटी सुटतं ते बूड. आपण मात्र तपासतो ते नाक, कारण ते समोर दिसतं!

मग आम्ही तांदूळ निवडतात तसे छर्रे निवडले. ताट मात्र वेगळं ठेवलं, आणि नंतर साबणाने हात धुतले. शिसं विषारी, त्यात हयगय नको. काचेवर घरंगळवले की चांगला छर्रा डौलात वळण घेतो, चेपलेला लंगडतो. पाचशेत साठ-सत्तर लंगडे निघाले.

मग परीक्षा. वीस चांगले, वीस चेपलेले. मी एकेक तिच्या हातात ठेवायची, कुठला ते सांगायचं नाही, तिनेही उलटून बघायचं नाही. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली. निकाल काय? चांगल्यांचा पुंजका शर्टाच्या गुंडीएवढा. चेपलेले दुप्पट पसरले. पण नीट ऐका, चेपलेल्यांतले पाच-सहा थेट मध्यावर बसले होते!

खरी मेख इथे होती. खराब छर्रा दर वेळी चुकत नाही, आणि चुकतो तेव्हा रोज वेगळ्या दिशेला चुकतो. एक डावीकडे गेला की पोरगी साइट उजवीकडे फिरवायची. पुढचा चांगला छर्रा मग उजवीकडे जायचा. मग खांदा बदल, श्वास बदल. तीन आठवडे ती बरोबर असलेल्या गोष्टी दुरुस्त करत होती. पाठ्यपुस्तकात गणितच चुकीचं छापलेलं असलं तर ढ मूल ते सोडून देतं. कष्टाळू मूल मात्र आपली बरोबर रीत खोडून नवी रीत शोधत बसतं. नुकसान त्याचंच जास्त.

साइट पूर्ववत झाली, रायफल विकली गेली नाही. राज्य स्पर्धेत तिचा नंबर आला का? नाही आला. वीस चांगल्या छर्‍यांतलेही दोन भलतीकडे गेले होते, ते हाताचेच. पण आता ती दर रविवारी छर्रे निवडते, आणि परवा मला म्हणाली, "आजी, निवडून घेतले ना, की चुकलं ते माझंच. मग काय सुधारायचं ते कळतं." हे बोलताना तोंड पडलेलं नव्हतं, चांगलं हसत होती.

असो. ताटात अजून अर्धी डबी बाकी आहे.