कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी जन्मात ती चढलो नाही, आणि आता त्याचीच रुखरुख लागली आहे.

त्याचे असे झाले. इंग्रजी कादंबरी वाचता वाचता नात मध्येच थांबली. "आजोबा, त्यानं तिला तीन वर्षं 'कोर्ट' केलं, म्हणजे काय?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच पावटे सोलत बसलेली आमची ही म्हणाली, "अगंबाई! लग्नाआधीच कोर्टकचेरी?"

आता कोश काढणे प्राप्तच होते. मूळ शब्द निघाला लॅटिन, 'कोहोर्स'. अर्थ काय, तर कुंपण घातलेले अंगण! फ्रेंचांच्या तोंडी त्याचे 'कोर्त' झाले. अंगणाभोवती वाडा आला, वाड्यात राजा आला, राजाभोवती दरबार भरला आणि न्यायनिवाडाही तिथेच होऊ लागला. म्हणून इंग्रजीत दरबारही कोर्ट आणि न्यायालयही कोर्ट. पुढे सोळाव्या शतकात ह्या नामाचे क्रियापद झाले. राजाची मर्जी संपादण्यासाठी दरबारी मंडळी जशी लवतात, गोड बोलतात, ताटकळतात, तसे एखाद्या स्त्रीपुढे करणे म्हणजे तिला 'कोर्ट' करणे. अर्जदार तो, गादीवर ती. आणि अर्ज फेटाळण्याचा अधिकारही तिचाच.

"आपण ह्याला प्रियाराधन म्हणतो," मी ऐटीत समारोप केला.

"मग तुम्ही आजीचं केलंत?"

मी पुन्हा कोशात डोके घातले.

मी हिला प्रथम पाहिले ते १९७४ साली, वाईला, तिच्या घरच्या अंगणातच. तुळशीवृंदावनाशेजारी सतरंजी, पुढ्यात पोहे, उजवीकडे मामा. "भरतकाम येतं का?" एवढा एकच प्रश्न मी विचारला. खालच्या मानेने ती "हो" म्हणाली. पसंतीचे पत्र माझ्या वडिलांनी धाडले. अर्ज तिच्या वडिलांचा, निकाल आमचा. तिला कोणीच काही विचारले नाही. मीही नाही.

रात्री निजानीज झाल्यावर मी हळूच म्हटले, "अगं, तेव्हा तुला विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "विचार करायला दोन दिवस मागितले असते."

"आणि मग?"

"ते दोन दिवस मिळाले कुठे?"

ह्यावर मी काय बोलणार? पहाटे उठून मी स्वतः चहा केला, तिच्यापुढे ठेवला आणि हात जोडून उभा राहिलो.

"हे काय नवीन?"

"अर्ज आहे. मुदत दोन दिवस."

तिने एक घोट घेतला. "साखर विसरलात," म्हणाली. पण कप काही खाली ठेवला नाही.

आज दुसरा दिवस. अंगण नाही, म्हणून गॅलरीत ताटकळतो आहे.