बेळगोळच्या शिळांवरील जमाखर्च

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात दोन काळ्याकभिन्न टेकड्यांच्या मध्ये एक शुभ्र तळे पसरले आहे. त्या ‘बिळिय कोळ’वरूनच गावाला बेळगोळ हे नाव पडले, असे मानतात. धाकट्या टेकडीला चंद्रगिरी म्हणतात आणि थोरलीला विंध्यगिरी. पायथ्याशी पादत्राणे ठेवून सहाशेहून अधिक पायऱ्या चढून गेलेला यात्रेकरू शेवटच्या दाराशी येतो आणि सुमारे ५७ फूट उंचीच्या गोम्मटेश्वरासमोर नि:शब्द होतो. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजा राचमल्ल याचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने ही मूर्ती एकाच शिळेतून घडविली.

महाराष्ट्रातून गेलेल्या यात्रेकरूची नजर चरणांपाशी आणखी एका कारणाने खिळते. कन्नड आणि तमिळ ओळींसोबत तेथे नागरी लिपीत ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ अशी मराठी ओळ कोरलेली आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. दुसरी ओळ मूर्तीभोवतीचा प्राकार गंगराजाने करविल्याचे सांगते. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती होता. कोणी काय करविले, एवढेच त्या ओळी नोंदवितात. व्यापारी घराण्यांत वाढलेल्या माणसाला ही भाषा परिचयाची वाटते, कारण ती कीर्दीची भाषा आहे. धर्मस्थानाचा पैसा कोणाचा असावा, राजाने त्यात किती वाटा उचलावा आणि एका धर्माला दिले तर दुसऱ्याचे काय, हे आज वारंवार विचारले जाणारे प्रश्न या गावाने हजार वर्षे हाताळले आहेत. त्यांची उत्तरे शिळांवर आहेत.

डोंगर उतरून गावात आले की भंडारी बसदी लागते. होयसळ नरसिंहाचा भांडारी, म्हणजे खजिनदार, हुळ्ळराज याने ती ११५९ साली बांधली. चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती येथे एका ओळीत उभ्या आहेत. राजाने तिला एक गाव इनाम दिले. जवळच अक्कन बसदी आहे. ती ११८१ साली आचियक्का या जैन श्राविकेने बांधविली. तिचा पती चंद्रमौळी दुसऱ्या बल्लाळाचा मंत्री होता आणि शिवभक्त होता. त्याच्याच विनंतीवरून राजाने या बसदीसाठी गाव दिले. एका घरात दोन उपासना नांदल्या आणि राज्याच्या दानाने त्यांत भेद केला नाही.

तरीही इतिहास नेहमी इतका सौम्य नव्हता. भंडारी बसदीच्या आवारातील १३६८ सालचा शिलालेख एका तंट्याची हकीकत सांगतो. वैष्णवांकडून अन्याय होतो, अशी तक्रार घेऊन ठिकठिकाणचे जैन विजयनगरच्या बुक्करायाकडे गेले. राजाने दोन्ही पक्षांना समोर बोलाविले, जैनांचा हात श्रीवैष्णवांच्या हाती दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही, असे जाहीर केले. पंचमहावाद्ये आणि कलश यांवरील जैनांचा जुना हक्क त्याने कायम ठेवला. जैन दर्शनाची हानी वैष्णवांनी आपलीच हानी समजावी, असे बजावले आणि तसे लेख राज्यातील बसद्यांमध्ये लावण्यास सांगितले.

याच निवाड्यात हिशेबही आहे. राज्यभरातील जैनांकडून दरसाल घरटी एक ‘हण’ हे नाणे गोळा करावे, तिरुमलेच्या तातय्याने त्यातून बेळगोळच्या देवासाठी वीस रक्षक नेमावेत आणि उरलेल्या रकमेतून जीर्ण जिनालयांना चुना लावावा, असे ठरले. जैनांचा पैसा जैन तीर्थालाच लागला आणि व्यवस्थेची जबाबदारी बहुसंख्य पक्षाच्या आचार्याकडे गेली. या लेखासमोर उभे राहिल्यावर आदर वाटतो, तशी एक बोचही लागते. अन्याय ज्यांच्यावर झाला, संरक्षणाचा खर्चही त्यांनीच सोसला. राज्याने न्याय दिला, पण खजिन्याला हात लावला नाही. यात राजाचे औदार्य किती आणि अल्पसंख्याकांची अगतिकता किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

तिसरी नोंद १६३४ सालची आहे. देवस्थानाच्या जमिनी तेथील स्थानिकांनी सावकारांकडे गहाण टाकल्या होत्या. म्हैसूरच्या चामराज वोडेयराने सावकारांना बोलावून कर्ज आपण फेडतो, असे सांगितले. तेव्हा सावकारांनी आपल्या मातापित्यांच्या पुण्यार्थ गहाण सोडून दिले. देवाची मिळकत यापुढे कोणी गहाण ठेवू नये आणि घेऊही नये, असा निर्बंध कोरला गेला. राजाने रक्कम देऊ केली, पण ती खर्ची पडलीच नाही. व्यापाऱ्यांच्या त्यागाने काम झाले. आजच्या प्रत्येक विश्वस्ताने हा लेख एकदा वाचावा, अशा योग्यतेचा आहे.

राजे गेले आणि संविधान आले. त्याचा २७वा अनुच्छेद सांगतो की, ज्याचे उत्पन्न विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवले आहे, असा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. मात्र २९०-क अनुच्छेदाने केरळच्या निधीतून त्रावणकोर देवस्वम निधीला दरसाल ४६ लाख ५० हजार रुपये द्यावयाचे आहेत. वरवर पाहता हा विरोध वाटतो. परंतु त्रावणकोर संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देवळांच्या जमिनी आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. त्या देण्याची पार्श्वभूमी ही आहे. हज यात्रेचे अनुदान सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद करावयास सांगितले आणि २०१८ मध्ये ते थांबले. जैन समाजाचा स्वत:चाही एक निवाडा आहे. १९५४ च्या रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील काही कलमे रद्द केली. विश्वस्त संस्थांकडून घेतली जाणारी वर्गणी मात्र कर नसून सेवेचे शुल्क आहे, असे ठरवून कायम ठेवली.

तात्पर्य, सरकारी पैसा एकाच खात्यावर लिहिता येत नाही. घेतलेल्या जमिनीची भरपाई हे एक खाते, प्राचीन वास्तूचे जतन हे दुसरे, यात्रेकरूंच्या सोयी हे तिसरे आणि प्रत्यक्ष पूजाविधी व धर्मप्रसार हे चौथे. २०१८ च्या महामस्तकाभिषेकासाठी शासनाने रस्ते, पाणी आणि तात्पुरती निवासनगरे उभारली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने विंध्यगिरीवर नव्या पायऱ्या केल्या. नांदेडच्या २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्यात आणि नाशिकच्या कुंभमेळ्यात शासन हेच करते. लाखो माणसे जमतात तेथे पाणी आणि आरोग्य पाहणे हे राज्याचे कर्तव्यच होय. अभिषेकाच्या कलशांचे मोल मात्र भाविकांनीच मोजावे. तो भार करदात्यांवर टाकू नये.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैन नोंदले गेले. त्यांपैकी जवळपास १४ लाख महाराष्ट्रात आहेत. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्राने जैनांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. हक्काबरोबर कसोटीही आली. आपल्या तीर्थाला जे मिळाले ते योग्य वाटत असेल, तर त्याच निकषावर दर्ग्याला, गुरुद्वाराला, चर्चला आणि विहाराला मिळालेलेही योग्य वाटले पाहिजे. एक माप घेताना आणि दुसरे देताना वापरणे हे वाण्याच्या दुकानातही पाप मानतात. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापांची गणना आहेच.

गोम्मटेश्वराच्या दारासमोर हातात लहानसे पात्र धरलेली एक वृद्धा उभी आहे. तिचे नाव गुल्लकायज्जी. चावुंडरायाने ओतलेले विपुल दूध मूर्तीच्या मांड्यांखाली उतरेना आणि या म्हातारीच्या गुल्लकाय फळाच्या करवंटीतील दुधाने चरणांपर्यंत सर्वांग न्हाले, अशी कथा आहे. परतताना यात्रेकरू तिच्यापुढेही क्षणभर थांबतात. कोणी मूठभर तांदूळ वाहतो, कोणी नुसते हात जोडतो. मग उन्हाने तापलेल्या पायऱ्यांवरून अनवाणी, जपून पाय टाकीत सगळे खाली उतरू लागतात.