हरळी : तिथली आणि इथली

शाळेला सुट्टी लागली अन् पुण्याला नणंदेकडे गेले. तिथे येरवड्याचे गोल्फचे मैदान पाहण्याचा योग आला. खेळ काही कळला नाही, पण पावसाळ्यापूर्वीची मशागत मात्र पाहत राहिले. यंत्राने हिरवळीला बोटबोटभर भोके पाडायची, त्यांत बारीक वाळू लोटायची. म्हणजे मुळांना हवा लागते, पाणी साचत नाही. असल्या मैदानांवर बहुधा बर्म्युडा गवत असते. म्हणजे आपली हरळीच की, गणपतीच्या दूर्वा! फक्त जात संकरित, बारीक पानाची.

तिथून माहेरी, अल्लीपूरला आले. हिंगणघाट तालुक्यातले हे गाव कपाशीचे. इथल्या काळ्या मातीला भोके पाडावी लागत नाहीत. उन्हाने तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात वखर चालला होता आणि मागून काकू अन् चार बाया वाकून हरळीच्या काशा वेचत होत्या. एक तुकडा राहिला तरी पहिल्या पावसात पुन्हा फुटतो, म्हणून धुऱ्यावर ढीग घालून जाळायचा. काकूंची बोटे सोलून निघाली होती. तणनाशक फवारले की वेचणे वाचते खरे, पण मग बायांचा रोज बुडतो.

जेवताना मी मैदानाची हकिकत सांगितली.

"हरळी लावाले पैसे देतात?" काकू हसल्या. मग म्हणाल्या, "तिथं निंदाले बायाच असतील नं?"

होत्या. चौघीजणी खुरपी घेऊन उकिडव्या बसल्या होत्या, हरळीतला लव्हाळा काढत.