चिकटवही

चिकटवहीचा नाद आमच्या घराण्यांत आनुवंशिक आहे, असें म्हटलें तरी चालेल. धुळ्यास शाळेंत शिकत असतां आम्ही काड्यापेट्यांवरचीं चित्रें, परदेशी तिकिटें आणि वर्तमानपत्रांतील कात्रणें एका जाड वहींत चिकटवीत असूं. चिकटविण्यास घरीं केलेली कणकेची खळ असे. ती खळ मुंग्यांना आणि कसरीला आमच्यापेक्षांहि अधिक प्रिय असल्यामुळें त्या संग्रहाचा बराच भाग त्यांच्याच पोटीं गेला. जें उरलें आहे त्यावरून आमची रसिकता सिद्ध होईल असें नाहीं. परंतु पानापानाच्या माथ्यावर आम्हीं रंगविलेले मथळे मात्र अजून पाहण्यासारखे आहेत. 'वाचण्यासारखे' असें आम्ही बुद्ध्याच म्हणत नाहीं. 'पक्षी' या शब्दाला आम्हीं चोंच, पंख, शेपटी इतकें कांहीं बसविलें होतें कीं, त्या गर्दींत 'क्षी' कोणत्या घरट्यांत दडली आहे, हें आज आमचें आम्हांसच सांपडत नाहीं.

हा रोग एकट्या आमचाच नव्हता. त्या काळीं शाळाशाळांतून हस्तलिखित मासिकें निघत, आणि खानदेशाला तर या बाबतींत मोठा वारसा होता. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील छात्रालयांतल्या मुलांसाठीं ते स्वतः हातानें लिहून एक दैनिक काढीत. रोजचा अंक रोज हातानें लिहावयाचा, म्हणजे वाचणाऱ्या मुलांवर केवढा जीव असला पाहिजे! आमच्या शाळेच्या हस्तलिखिताची तऱ्हा निराळी होती. त्यांत लेख लिहिणारे थोडे आणि मथळे रंगविणारे पुष्कळ. आम्ही अर्थात् दुसऱ्या वर्गांत. एका वर्षीं मुखपृष्ठ आमच्याकडे आलें. मुख्याध्यापकांनीं अंक हातीं घेतला, जवळ धरून पाहिला, दूर धरून पाहिला, आणि शांतपणें विचारलें, "मासिकाचें नांव काय ठेवलें आहे?" त्या प्रश्नांतील मर्म कळण्यास आम्हांस पन्नास वर्षें लागलीं.

त्याचें असें झालें. आमचे धाकटे बंधु जळगांवीं असतात आणि आमची आई त्यांच्याकडे असते. गेल्या वर्षीं तिचें सहस्रचंद्रदर्शन करावयाचें ठरलें. एक हजार पौर्णिमा पाहावयाच्या म्हणजे सुमारें ८० वर्षें आणि १० महिने जगावें लागतें. इतकी मजल गाठणाऱ्या माणसाला काय द्यावें, हा आम्हां थोरांपुढें प्रश्न पडला होता. पण आमच्या पुतणीनें तो केव्हांच सोडविला होता. ती आजीसाठीं चिकटवही करीत होती.

या चिकटवहींत चिकटविण्याचा मात्र प्रश्नच नव्हता. कात्री नाहीं, खळ नाहीं, कागदहि नाहीं. जुनीं छायाचित्रें संगणकांत उतरवून घ्यावयाचीं, पडद्यावरच्या कोऱ्या पानावर हवीं तेथें ठेवावयाचीं, त्यांच्याभोंवतीं चौकटी आणि कोपऱ्यांत फुलें मांडावयाचीं. चित्राच्या कडेला खोटी चिकटपट्टी होती, आणि त्या खोट्या चिकटपट्टीची खोटी सावलीहि होती. कसरीला येथें कडकडीत उपवास घडणार, हें पाहून आम्हांस बरें वाटलें.

परंतु खरी शोभा होती ती मथळ्यांत. केळीच्या बागेंतील चित्रावर हिरव्या पानांचीं अक्षरें, कापसाच्या शेतावर पिंजलेल्या कापसाचीं, लग्नाच्या चित्रावर सोन्याच्या तारेचीं! आणि हीं सारीं अक्षरें इंग्रजी. "मराठींत कां नाहींत?" असें आम्हीं विचारतांच ती म्हणाली, "मोठे काका, मराठींत अशीं चित्रांचीं अक्षरें मिळतच नाहींत हो. आणि मिळालीं तरी जोडाक्षरें तुटतात."

तिचें म्हणणें खोटें नव्हतें. इंग्रजी वर्णमालेंत २६ अक्षरें, आणि प्रत्येक अक्षर चाळींतल्या बिऱ्हाडासारखें स्वतंत्र. कोणीहि हौशी चित्रकारानें २६ चित्रें काढलीं, फार तर ५२ काढलीं, कीं बिस्किटांची, बर्फाची अथवा मांजरांची नवी वर्णमाला तयार झाली. आमचें देवनागरीचें कुटुंब एकत्र. काना शेजारीं उभा, मात्रा डोक्यावर, उकार पायाशीं, आणि ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत मागून येऊन लिहिण्यांत पुढें जाऊन बसलेली. दोन व्यंजनें भेटलीं कीं तिसरेंच रूप जन्मास येतें, आणि या साऱ्या परिवाराच्या डोक्यावरून एकच शिरोरेषा जाते. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळीं देवनागरीच्या छापखान्यांना खिळ्यांचे शेंकडों प्रकार बाळगावे लागत, ते याच कारणानें. याचा अर्थ मराठी अक्षर नटूं शकत नाहीं असा नव्हे. कवि आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनीं घडविलेलें 'मंगल' हें अक्षर विंडोज २००० बरोबर घरोघरच्या संगणकांत गेलें. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनीं 'मोदक' नांवाचें एक असें गुबगुबीत अक्षर केलें आहे कीं, तें पाहून चतुर्थीची आठवण व्हावी. मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हातानें रंगविलेल्या पाट्यांवरून 'यात्रा' हें अक्षर निघालें आहे. मात्र अशा कामाला चित्रकाराचा हात पुरत नाहीं. अक्षरांचीं आपसांतलीं नातीं संगणकाला शिकवावीं लागतात, आणि तें काम वर्षावर्षांचें असतें. केळीच्या पानांचें मराठी अक्षर अद्याप आमच्या पुतणीच्या हातीं लागलें नव्हतें, आणि समारंभ तर आठ दिवसांवर आला होता.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळीं ती चिकटवही आईला दाखविण्यांत आली. आई चौथीपर्यंत शिकलेली; बोरूनें कित्ता गिरवून कमावलेलें तिचें अक्षर आम्हां सर्वांहून चांगलें आहे, पण इंग्रजीशीं तिचा कधीं संबंध आला नाहीं. पडद्यावर पानें उलटूं लागलीं. चित्रांतली माणसें तिनें भराभर ओळखलीं. विहीर ओळखली, बैल ओळखला, कानबाईच्या चौरंगापुढें बसलेल्या बायकांत स्वतःलाहि ओळखलें. मग ती पहिल्या पानाकडे परत गेली, त्या सुंदर पानाफुलांच्या अक्षरांवर बोट ठेवलें आणि म्हणाली, "छान केलें आहेस हो. पण माझें नांव कुठें आहे?"

तिचें बोट तिच्या नांवावरच होतें.

पुतणीचा चेहरा पाहवेना. अशा प्रसंगीं वडीलधाऱ्यांनीं मार्ग दाखवावयाचा असतो, या समजुतीनें आम्ही पुढें सरसावलों. आम्हीं स्वतः २००३ सालीं वडिलांची अशीच एक चित्रावली संगणकावर केली होती, आणि ती संपूर्ण मराठींत! प्रत्येक चित्राखालीं वडिलांनीं सांगितलेला मजकूर आम्हीं आपल्या हातानें टंकिला होता. ती तबकडी आम्हीं मुद्दाम धुळ्याहून बरोबर आणली होती. मोठ्या ऐटींत ती उघडली, आणि आंतून जें बाहेर आलें तें पाहून घरांत शांतता पसरली. चित्रें होतीं तशीं होतीं. त्यांच्याखालीं मात्र इंग्रजी अक्षरें, कंस, टिंबें आणि उद्गारचिन्हें यांची खिचडी झालेली. उद्गारचिन्हें तेवढीं प्रसंगाला साजत होतीं.

कारण पुतणीनेंच समजावून सांगितलें. त्या काळच्या कित्येक मराठी फाँटांत मराठी अक्षर मुळीं नसेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी आकार बसविलेला असे. आम्ही 'क' पाहत होतों, संगणक मात्र मनांत कोणतें तरी इंग्रजी अक्षर म्हणत होता. तो फाँट दूर झाला कीं सोंग उतरे. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली आणि तींत देवनागरीला स्वतःचीं १२८ घरें मिळालीं. 'क' चा क्रमांक दशमान पद्धतीनें २३२५, तो कोणत्याहि वेषांत 'क' च राहतो. हें सर्व आम्हीं मजकूर टंकिला त्यापूर्वींच सिद्ध झालेलें होतें. आम्हीं मात्र कोणता फाँट अधिक वळणदार दिसतो, एवढेंच पाहून निवड केली होती. त्या फाँटाचें नांवहि आतां आम्हांस आठवेना. वडील २००९ सालीं गेले. त्यांनीं सांगितलेलीं नांवें वळणाच्या मोहापायीं आम्हींच घालविलीं, हें आईसमोर कबूल करतांना जीभ जड झाली. पुतणीनें आजीला वाचतां न येणारें नांव लिहिलें, यांत तिची चूक असेल तर ती एका संध्याकाळची होती. आमची वीस वर्षें मुरलेली होती.

समारंभ झाला. चिकटवही त्या दिवशीं कोणास दाखविली नाहीं. दुसऱ्या दिवशीं एरंडोल, पारोळा या मार्गानें धुळ्यास परततांना आमच्या डोळ्यांपुढें एकसारख्या पोथ्या येत होत्या. धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं गांवोगांव हिंडून जमविलेलीं जुनीं हस्तलिखितें तेथें जतन केलेलीं आहेत. जुन्या लेखकांना सजावटीचें वावडें नव्हतें. काळ्या शाईच्या मजकुरांत ते हिंगुळाच्या तांबड्या रंगानें अध्यायाची समाप्ति लिहीत, समास सोडून रेघा आंखीत. चूक झाली तर तीवर पिवळा हरताळ लावून पुन्हां लिहीत. 'हरताळ फासणें' हा शब्दप्रयोग तेथूनच आला. पण तांबडा रंग कोठें थांबावें हें वाचकाला सांगण्यासाठीं होता, आणि पिवळा रंग त्यानें चुकीचें वाचूं नये म्हणून. पोथी मांडून बसणारा माणूस लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढें सतत असे. जळगांवाजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं घरच्या माणसांनीं वहींत उतरून ठेविलीं, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ सालीं तीं पुस्तकरूपानें महाराष्ट्रापुढें आलीं. त्या वहींतलें अक्षर कसें होतें, हें विचारण्याची आम्हांस तरी कधीं गरज वाटली नाहीं. आतां त्याच गाण्यांच्या ओळी रोज सकाळीं फुलापानांच्या अक्षरांत आमच्या दूरध्वनीवर येतात. पुष्कळदां जोडाक्षर तुटलेलें असतें आणि पाय मोडलेला शब्द लंगडत असतो.

पंधरा दिवसांनीं जळगांवीं पुन्हां जाणें झालें. पुतणीनें दोन कामें केलीं होतीं. जुन्या फाँटांचे निरनिराळे तक्ते मिळवून तिनें वडिलांच्या मजकुरांतल्या निम्म्याअधिक ओळी पुन्हां माणसांत आणल्या होत्या; जेथें जोडाक्षरांचा चुराडा झाला होता तेथें आईनें आठवून नांवें सांगितलीं होतीं. कांहीं जागा मात्र कोऱ्याच राहिल्या आहेत. दुसरें काम चिकटवहीचें होतें. पानाफुलांचीं अक्षरें काढून टाकण्यांत आलीं होतीं. आईजवळ कानबाईच्या अहिराणी गाण्यांची एक जुनी वही आहे, सगळी तिच्या हातची. पुतणीनें तिच्या पानांचीं छायाचित्रें घेऊन त्यांतून एकेक अक्षर अलगद उचललें होतें आणि तींच मथळ्यांत बसविलीं होतीं. विहिरीला 'विहीर', बैलाला त्याचें नांव. शाई कोठें फिकट होती, एका ठिकाणीं तेलाचा डागहि अक्षराबरोबर आला होता.

पहिल्या पानावर 'माईचे सहस्र चंद्र' असें लिहावयाचें होतें. 'चंद्र' गाण्यांत पुष्कळ होते. 'स्र' कोठेंच नव्हता. म्हणून आईला नवा काढावयास सांगितलें. तिनें चष्मा पुसला, आमचें पेन घेऊन पाहिलें, तें पसंत न पडून नातीचें घेतलें, आणि एका कागदावर तीन वेळां 'स्र' काढला. पहिला कांपरा आला, दुसरा वाकडा, तिसरा बराच सुबक. पुतणी तिन्ही न्याहाळीत बसली आणि यांतला कोणता घ्यावा, म्हणून तिनें आजीलाच विचारलें.

आईनें कागद हातभर दूर धरला. "वाचतां येतो तो घे," ती म्हणाली, आणि कानबाईची वही उचलून आपल्या पेटींत ठेवावयास गेली.