गुडघ्यापाशी बसणारा

पिकअपच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या उजव्या गुडघ्याच्या जरा पुढे त्याची जागा. तळहातात मावेल एवढी काळी डबी, आकडा कमीजास्त करायची एक कळ, बोटाने सरकवायची एक पट्टी आणि आकडा उमटणारी एवढीशी खिडकी. शेजारी बसलेल्या पाहुण्याला तो दिसतसुद्धा नाही. अमेरिकेत जी माणसं सुट्टीत आपलं चाकांवरचं घर ओढत डोंगरात जातात, त्यांच्यामागची दोन-अडीच टन वजनाची वस्तू वेळेवर थांबते ती या डबीच्या भरवशावर. त्याचं नाव ब्रेक कंट्रोलर.

त्याच्या पाठीतून चार तारा निघतात. काळी बॅटरीकडून वीज आणते. पांढरी अर्थिंगची. लाल तार ब्रेकच्या दिव्याच्या स्विचपासून येते आणि एवढंच सांगते की पाय पेडलवर पडला. निळी मागे जाते, बंपरखालच्या सात पात्यांच्या सॉकेटमधून ट्रेलरच्या चाकांपर्यंत. लाल तारेवर निरोप आला की निळ्या तारेत किती वीज सोडायची, एवढा एकच निर्णय त्याला आयुष्यभर घ्यायचा असतो. तो निर्णय कोण कसा घेतो, त्यावरून या जातीतल्या प्रत्येकाचा स्वभाव ठरतो. दुकानात माणसं किंमत बघतात, खिडकीचा रंग बघतात. बघायला हवा तो स्वभाव.

डेन्व्हरजवळ राहणाऱ्या माझ्या एका मित्राने यंदा वापरलेला ट्रेलर घेतला. दोन ॲक्सलचा, सामान भरल्यावर ६००० पौंडांच्या घरात, म्हणजे त्याच्या पिकअपपेक्षाही जड. मित्र मूळचा कराडकडचा. मागच्या वजनाचा रेटा म्हणजे काय ते मी त्याला समजावायला निघालो, तर त्याने मला मध्येच थांबवलं. "आमच्याकडं कारखान्याच्या वाटंवर बघितलंय की. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उताराला लागला की ट्रॉलीच त्याला ढकलत नेती." त्यातल्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि सगळा भार पुढच्या ट्रॅक्टरवर येतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी ही मर्यादा १५०० पौंड आहे. मित्राच्या ट्रेलरला चारही चाकांवर विजेचे ब्रेक होते. त्यांना हुकूम देणारा मात्र पिकअपमध्ये कोणी नव्हता.

चाकातल्या या ब्रेकची रचना फार देखणी आहे. विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटचे आर्थर वॉर्नर, ज्यांनी आधी भावाच्या साथीने मोटारींचे स्पीडोमीटर बनवले, ते पुढे ट्रेलरच्या विजेच्या ब्रेककडे वळले आणि १९२०च्या दशकात बेलॉइटमध्येच त्याचा कारखाना उभा राहिला. तत्त्व अजून तेच आहे. ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक बसवलेला असतो. वीज आली की तो फिरत्या ड्रमच्या सपाट अंगाला चिकटू पाहतो, ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून नेतो, त्या ओढीने एक तरफ हलते आणि तरफ ब्रेकचे शू ड्रमवर दाबते. म्हणजे चाक स्वतःच्याच फिरण्याच्या जोरावर स्वतःला थांबवतं, चुंबक फक्त सुरुवात करून देतो. म्हणूनच एका चुंबकाला पूर्ण जोरातही साधारण तीनच अँपिअर पुरतात. चार चाकांचे मिळून बाराएक अँपिअर. गाडीच्या ब्रेकच्या तेलाला हात लावायची गरज नाही, नळी जोडायची नाही, एका निळ्या तारेत सगळं भागतं.

पण तेलाशी नातं नाही, तर पाय पेडलवर किती जोराने पडला हे कंट्रोलरला कळायचं कसं? लाल तार "पडला" एवढंच सांगते. खरी निवड आहे ती इथे.

या जातीतला एक घड्याळावर चालतो. निरोप आला की तो मोजायला लागतो. आधी थोडी वीज, मग आणखी, मग आपण ठरवून दिलेल्या आकड्यापर्यंत. पाय हलकेच टेकला आहे की समोर हरीण आलं म्हणून चालकाने अंगाचा सगळा भार टाकला आहे, यातलं त्याला काही कळत नाही. वाहतुकीच्या कोंडीत गाडी इंचाइंचाने सरकत असते, पाय पेडलवर नुसता ठेवलेला असतो, आणि हा आपला मोजत मोजत पूर्ण जोरापर्यंत पोहोचतो. मग ट्रेलर मागून गचका देतो. उलट जिवावरचा प्रसंग आला की पहिल्या अर्ध्या सेकंदाला सोन्याचं मोल असतं, आणि नेमकं तेव्हाच याचं मोजणं नुकतं सुरू झालेलं असतं. चढण्याचा वेग बदलता येतो, पण एकच वेग दोन्ही प्रसंगांना पुरेसा पडत नाही.

हा स्वस्त असतो आणि कसाही, कुठल्याही कोनात बसवला तरी चालतो. सपाट मुलखात वर्षातून एखाद-दोन वेळा हलका ट्रेलर घेऊन जवळपास जाणाऱ्याचं त्याच्यावर भागेल. मित्राने विचारलंच, "मग स्वस्तातला घेतला तर बिघडतं काय? पाय तर माझाच आहे ना?" पाय त्याचाच, पण मागची चार चाकं त्या पायाचं ऐकत नाहीत. डोंगरात बायको-मुलांना घेऊन जाणाऱ्याच्या गाडीत मला हा नको वाटतो, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

दुसरा आहे तो गाडीचं अंग ओळखणारा. पाय किती जोराने पडला हे त्यालाही थेट कळत नाही, पण गाडी किती झपाट्याने मंदावते आहे हे जाणवतं. जुन्या पिढीच्या पोटात एक लहानसा लंबक असायचा. गाडी थांबू लागली की लंबक पुढे झुले, आणि जितका झुले तितकी वीज मागे जाई. त्याला नीट समतल बसवावं लागे, आणि घाटात तो थोडा गोंधळे, कारण उतारावर उभ्या गाडीतही लंबक पुढेच झुकणार. आताच्या पिढीत लंबकाच्या जागी मोबाइलमध्ये असतो तसला वेग मंदावणं मोजणारा इवलासा सेन्सर आला. टेकोन्शा कंपनीचे प्रॉडिजी पी-टू आणि पी-थ्री हे या घराण्यातले सर्वांच्या ओळखीचे. गाडी हळू थांबवली तर हे हळू, कचकन थांबवली तर कचकन. चांगला जुळलेला कंट्रोलर असला की मागे काही जोडलं आहे याचा थांबताना विसर पडतो. मागून ढकलणं नाही, मागे खेचणं नाही. मी आजवर बसलो त्या गाड्यांमध्ये याच्याइतकं समाधान दुसऱ्या कुठल्या लहान वस्तूने दिलेलं मला आठवत नाही.

त्यालाही एक उणीव आहे. गाडी मंदावायला लागल्यावरच त्याला जाग येते, म्हणजे पहिला भार पुढच्या गाडीवर पडतोच. ट्रेलर गाडीपेक्षा जड असेल तर ही उणीव जाणवते. त्यावर तोड म्हणून या कंट्रोलरमध्ये बूस्टच्या पायऱ्या असतात: पाय पडल्या क्षणीच थोडी जास्त वीज सोडायची आणि मग गाडीच्या चालीप्रमाणे वाढवायची. मित्राच्या ट्रेलरला हीच सोय लागणार होती.

पायाचा जोर खरोखर कळतो तो कारखान्यातूनच गाडीत बसून आलेल्या कंट्रोलरला. फोर्डने २००५च्या सुपर ड्यूटी पिकअपपासून तो द्यायला सुरुवात केली. तो ब्रेकच्या तेलाचा दाब वाचतो, गाडीच्या एबीएसशीही बोलतो. नवी पिकअप घेणाऱ्याला हा पर्याय मिळत असेल तर माझ्या मते बाकी काही बघायचं कारण नाही. मित्राची गाडी तशी नव्हती.

ऑस्ट्रेलियात या घराण्याचा आणखी एक चांगला सदस्य आहे. ॲडलेडच्या रेडार्क कंपनीच्या टो-प्रो एलीट कंट्रोलरमध्ये दोन्ही स्वभाव आहेत. डांबरी रस्त्यावर तो गाडीच्या मंदावण्याप्रमाणे चालतो. वाळूत, खडीत किंवा उतरत्या कच्च्या वाटेवर, जिथे गाडीचं मंदावणंच फसवं असतं, तिथे चालक त्याला ठरलेल्या जोरावर ठेवतो. म्हणजे गाडीचं अंग न ओळखण्यालाही कुठेतरी जागा आहे, आणि ती जागा त्या मुलखातल्या लोकांनी बरोबर हेरली.

आता ती सरकणारी पट्टी. कंट्रोलर निवडताना लोक तिच्याकडे लक्ष देत नाहीत, मी मात्र सर्वांत आधी तिच्याकडे बघतो. महामार्गावर शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला किंवा बाजूचा वारा आला की ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. घाबरलेला पाय पेडलवर जातो, पुढची गाडी मंदावते, मागचं वजन तिला ढकलतं आणि झोका आणखी वाढतो. अशा वेळी पेडल सोडून फक्त ही पट्टी सरकवायची. गाडीचे ब्रेक मोकळे राहतात, ट्रेलरचे तेवढे लागतात, मधली जोडणी मागून ताणली जाते आणि ट्रेलर ओळीत येतो. हे सगळं रस्त्यावरची नजर न हलवता, चाचपून करायचं असतं. हल्ली थेट मागच्या सॉकेटमध्ये खोचायचे आणि फोनवरून चालवायचे बिनतारी कंट्रोलर मिळतात. भाडेकराराच्या गाडीत तारा ओढता येत नाहीत, तिथे त्यांची सोय मोठी आहे. पण त्या क्षणी बोटाने काचेचा गुळगुळीत पडदा शोधायचा, हे मला पटत नाही. हाताला ओळखीची वस्तू लागली पाहिजे. मित्राला मी दुकानात डोळे मिटून पट्टी सापडते का ते बघायला लावलं. वहिनी हसल्या, पण नंतर त्यांनीही करून पाहिलं, कारण परतीच्या वाटेवर गाडी बऱ्याचदा त्याच चालवतात.

उतारावर मात्र कंट्रोलरवर सगळा भार टाकायचा नसतो. आय-७० महामार्गावरचा आयसेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. त्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे ७ टक्क्यांची लांब उतरण लागते. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढ बांधले आहेत, ते बघूनच त्या उतरणीचा अंदाज येतो. तिथे आधीच खालचा गिअर टाकायचा, इंजिनाला वेग रोखू द्यायचा आणि ब्रेक थोडा वेळ लावून सोडायचा. सतत दाबून ठेवला तर ड्रम तापतात, आणि तापलेल्या ड्रमवर पुरेपूर वीज सोडली तरी पकड उरत नाही.

घेतल्याबरोबर तो शहाणा होत नाही, त्याला आपला ट्रेलर शिकवावा लागतो. नवे शू असतील तर ते आधी थोडे घासून बसू द्यायचे. मग कोरड्या, सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर वेगाने जायचं आणि पट्टी पूर्ण सरकवायची. ट्रेलरची चाकं घसटून अडली तर आकडा कमी करायचा, ट्रेलर नुसता रेंगाळला तर वाढवायचा. चाकं अडण्याच्या किंचित अलीकडे जो आकडा येतो तो त्या दिवसापुरता आपला. त्या दिवसापुरता, कारण पाण्याची ४० गॅलनची टाकी भरली की सुमारे ३३० पौंड वाढतात, आणि पावसात ओल्या रस्त्यावर चाकं लवकर अडतात. फाटकातून निघताना चालण्याच्या वेगात पट्टी एकदा सरकवायची आणि मागून ओढ लागते का ते बघायचं. ज्यांना हा नेम अंगवळणी पडला आहे त्यांच्याबरोबर प्रवास करायला मला भीती वाटत नाही.

तो फार बोलत नाही. ट्रेलर जोडला की पी-टूसारख्या नमुन्याच्या खिडकीत 'सी' हे अक्षर येतं, जोडणी तुटली की 'एन.सी.'. कुठे शॉर्ट झालं किंवा वीज येईनाशी झाली तर त्याच्याही खुणा आहेत. चुकीचं अक्षर दिसलं की पहिला संशय सात पात्यांच्या प्लगवरच्या गंजावर आणि ट्रेलरच्या अर्थिंगवर घ्यावा, डबीवर नाही.

मित्राने शेवटी प्रॉडिजी पी-थ्री घेतला, कारण वेगवेगळ्या चालकांच्या सवयी त्यात साठवून ठेवता येतात, वहिनींचा आकडा वेगळा आणि त्याचा वेगळा. बोटीचा ट्रेलर असता तर ही निवड करावी लागली नसती. तिथे बहुधा ढकलण्याच्या जोरावर आपोआप लागणारे तेलाचे ब्रेक असतात आणि पुढे कंट्रोलर लागत नाही.

एक काम मात्र याच्या हाती नाही. जोडणीच निसटली आणि ट्रेलर सुटला, तर निळी तार तुटते आणि कंट्रोलर काही करू शकत नाही. त्यासाठी ट्रेलरच्या दांड्यावर एक पिन असते, बारीक तारेने गाडीला बांधलेली. पिन ओढली गेली की ट्रेलरवरची स्वतंत्र बॅटरी थेट चुंबकांना जोडली जाते. व्यावसायिक ट्रेलरसाठी नियम असा की ब्रेक निदान १५ मिनिटं लागून राहिले पाहिजेत. ही बॅटरी हिवाळाभर उभ्या ट्रेलरवर हमखास उतरते. ती तपासायला पिन हाताने ओढून, ट्रेलर हळूच पुढे घेऊन चाकं अडतात का बघावं लागतं. पण त्याआधी सात पात्यांचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवायचा. नाहीतर ट्रेलरच्या बॅटरीची वीज निळ्या तारेतून उलटी येते आणि कंट्रोलर बिघडू शकतो.